बी, माती आणि सुपारीचा डबा

बोईसर स्थानकाकडून तारापूर औद्योगिक वसाहतीकडे जाणाऱ्या रस्त्यावर सकाळी दुकानांची शटरे वर जातात. गल्ल्यावर उदबत्ती फिरते, नवकार म्हणून वहीला हात लागतो आणि थोड्याच वेळात स्टीलचा एक लहानसा डबा समोर येऊन बसतो. त्यात बारीक कातरलेली सुपारी असते. कोणी माल घ्यायला येतो, कोणी वसुलीला, कोणी नुसताच बसायला. सर्वांपुढे तो डबा सरकतो. पालघरच्या बाजारपेठेतही हेच चित्र दिसते. तंबाखू नाही, गुटखा नाही, मद्य तर दूरच. विचारले तर सहज उत्तर येते, “आमच्याकडे व्यसन कोणाला नाही. जेवणानंतर नुसती सुपारी.”

त्याच वेळी डहाणूहून निघालेली लोकल बोईसर, पालघर, सफाळे करीत मुंबईकडे धावत असते. उपनगरी सेवा २०१३ साली डहाणूपर्यंत पोहोचली आणि सुमारे शंभर किलोमीटरवरील मुंबई या पट्ट्यातील माणसांना जवळ आली. त्या गर्दीत एखाद्या मांडीवर जाड फाइल आणि तपासणीच्या फोटोंचे मोठे पाकीट असते. असा प्रवासी दादरला उतरतो आणि परळच्या टाटा रुग्णालयाची वाट धरतो.

दुकानातील तो डबा आणि गाडीतील ती फाइल यांचा काही संबंध आहे काय? आहे, पण तो समजण्यासाठी आधी एक वेगळा प्रश्न विचारावा लागतो. कर्करोगाची गाठ वाढते ती केवळ तिच्या स्वतःच्या बळावर काय? गेल्या पन्नास-साठ वर्षांतील संशोधनाचे उत्तर स्पष्टपणे नकारार्थी आहे. बिघडलेली पेशी हा रोगाचा केवळ अर्धा भाग आहे. उरलेला अर्धा भाग तिच्या भोवतालात असतो: तिला रक्त पोहोचवणाऱ्या वाहिन्यांत आणि तिला आधार देणाऱ्या ऊतींत.

मोहरीएवढी गाठ

१९६०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेच्या नौदलाच्या प्रयोगशाळेत जुडा फोकमन नावाचा एक तरुण शल्यचिकित्सक वेगळ्याच कामावर नेमलेला होता. काचेच्या पात्रात ठेवलेली प्राण्याची कंठग्रंथी कृत्रिम द्रव खेळवून जिवंत ठेवायची, असा तो प्रयोग होता. त्या ग्रंथीत कर्करोगाच्या पेशी सोडल्यावर त्या वाढू लागल्या. पण मोहरीच्या दाण्याएवढ्या, म्हणजे एक-दोन मिलिमीटरच्या झाल्यावर त्यांची वाढ थांबली. त्या मेलेल्या नव्हत्या. त्याच गाठी उंदरांच्या शरीरात ठेवताच भराभर मोठ्या झाल्या. फरक कशाचा होता? उंदराच्या शरीरात त्या गाठींकडे नव्या रक्तवाहिन्या धावून आल्या. काचेच्या पात्रातील ग्रंथीत तसे होऊ शकले नाही.

यामागील हिशेब साधा आहे. रक्तातील प्राणवायू केशवाहिनीतून बाहेर पडल्यावर मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांपलीकडे पोहोचत नाही. त्याहून दूर असलेल्या पेशीची उपासमार होते. औद्योगिक वसाहतीत भूखंड घेतला, यंत्रे आणली, कामगारही नेमले, पण रस्ता, पाणी आणि वीज यांची जोडणीच मिळाली नाही, तर कारखाना पत्र्याच्या शेडपुढे जात नाही. गाठीचेही तसेच आहे. तिला नळजोडणी हवी असते आणि ती मिळवण्याची युक्ती तिच्यापाशी असते. प्राणवायू कमी पडू लागला की ती एक विशिष्ट प्रथिन बाहेर सोडते. त्या संदेशासरशी शेजारच्या निरोगी रक्तवाहिन्यांना धुमारे फुटतात आणि ते गाठीच्या दिशेने वाढू लागतात. जखम भरताना किंवा गर्भ वाढताना शरीर हीच व्यवस्था वापरते. गाठ त्या व्यवस्थेचा गैरवापर करते.

फोकमन यांनी १९७१ साली हा विचार जाहीरपणे मांडला: गाठीवर थेट हल्ला करण्याबरोबरच तिचा रक्तपुरवठा रोखला तर? अनेक तज्ज्ञांनी तेव्हा ही कल्पना गंभीरपणे घेतली नाही. संदेश देणारे ते प्रथिन १९८९ साली शुद्ध स्वरूपात हाती आले आणि त्याला अडवणारे बेव्हॅसिझुमॅब हे औषध २००४ साली अमेरिकेत मान्य झाले. मोठ्या आतड्याच्या, शरीरात पसरलेल्या कर्करोगात नेहमीच्या औषधांच्या जोडीला ते दिले तेव्हा रुग्णांचे मध्यमान आयुष्य १५.६ महिन्यांवरून २०.३ महिन्यांवर गेले. विचार खरा ठरला होता. लाभ मात्र अपेक्षेहून लहान होता. रक्तवाहिन्या तोडल्या की गाठ उपाशी मरेल, इतके सरळ हे गणित नव्हते.

गळका पाइप, तुंबलेले गटार

ते गणित का चुकले, हे समजावून सांगणाऱ्यांत अग्रभागी असलेले नाव आहे डॉ. राकेश जैन यांचे. उत्तर प्रदेशातील ललितपूर येथे जन्मलेल्या जैन यांनी १९७२ साली कानपूरच्या आयआयटीतून पदवी घेतली, ती वैद्यकाची नव्हे तर रासायनिक अभियांत्रिकीची. तारापूरच्या कारखान्यांत जी विद्या रोज वापरली जाते, म्हणजे द्रव कसा वाहतो, दाब कुठे साठतो, नळीतून काय झिरपते, तीच त्यांनी कर्करोगाच्या गाठीला लावली. पुढे ते हार्वर्ड विद्यापीठात आणि बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये संशोधन करू लागले. २०१६ साली त्यांना अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते त्या देशाचे राष्ट्रीय विज्ञान पदक मिळाले.

अभियंत्याच्या नजरेला गाठ म्हणजे घाईघाईने, नकाशाशिवाय उभारलेला कारखाना दिसला. तिच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या, कुठे फुगलेल्या, कुठे चिमटलेल्या आणि जागोजागी गळक्या असतात. त्यांतून द्रव बाहेर झिरपत राहतो. निरोगी ऊतींत हा जादा द्रव लसिकावाहिन्या वाहून नेतात; गाठीच्या आत मात्र त्या दाबल्या गेलेल्या असतात. पाइप गळका आणि गटार तुंबलेले, अशी स्थिती झाली की आतला दाब चढतो. मग रक्तातून आलेले औषध गाठीच्या दारापर्यंत पोहोचते, पण आत शिरत नाही. काही भागांत रक्तच फिरकत नाही आणि तेथील पेशी प्राणवायूवाचून राहतात. अशा पेशी मरतातच असे नाही. उलट त्या चिवट बनतात, जागा सोडून दूर जाऊ पाहतात आणि किरणोपचारालाही कमी दाद देतात, कारण किरणांचा घाव पुरता बसण्यासाठी प्राणवायू लागतो.

म्हणून जैन यांनी २००१ साली उलट दिसणारा विचार मांडला. वाहिन्या तोडून टाकण्यापेक्षा त्या काही काळ सरळ केल्या तर? वाहिन्यांविरुद्धचे औषध योग्य मात्रेत दिले की निरुपयोगी फाटे झडतात, उरलेल्या वाहिन्यांची गळती कमी होते आणि दाब उतरतो. तेवढ्या काळात दिलेले रासायनिक औषध वा किरणे आतपर्यंत पोहोचतात. मात्रा अती झाली तर वाहिन्याच नष्ट होऊन गाठ अधिक उपाशी आणि अधिक आक्रमक होऊ शकते. बोस्टनमध्ये गुदाशयाच्या कर्करोगाच्या सहा रुग्णांवर झालेल्या पहिल्या अभ्यासात, औषधाच्या एका मात्रेनंतर गाठीतील दाब उतरल्याचे २००४ साली दिसून आले. गाठीशी लढताना तिच्या भोवतालाची व्यवस्था समजून घ्यावी लागते, हा धडा तेथून पक्का झाला.

जखम जी भरत नाही

भोवताल म्हणजे केवळ रक्तवाहिन्या नव्हेत. पेशींना धरून ठेवणारे तंतूंचे जाळे, ते विणणाऱ्या पेशी, साफसफाई करणाऱ्या पेशी आणि रोगप्रतिकार करणाऱ्या पेशी, असा तो एक पूर्ण शेजार असतो. लंडनचे डॉ. स्टीफन पॅजेट यांनी १८८९ साली स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. रोग शरीरात हवा तसा पसरत नाही, काही अवयवांतच तो पुन्हा पुन्हा घर करतो, असे त्यांना आढळले. त्यांनी उपमा दिली ती शेतकऱ्याची: बी सगळीकडे पडते, पण मानवणारी माती असेल तेथेच रुजते.

उपादान आणि निमित्त यांचा विचार ज्या परंपरेत शतकानुशतके झाला, तिला ही उपमा परकी वाटू नये. बीजात अंकुराची योग्यता असते, पण माती, पाणी आणि ऊब यांचे निमित्त मिळाल्यावाचून अंकुर दिसत नाही. शरीरशास्त्राने हीच गोष्ट प्रयोगांनी पडताळून पाहिली. १९८४ साली अमेरिकेतील मिना बिसेल आणि त्यांच्या सहकाऱ्याने कोंबडीत गाठ निर्माण करणारा विषाणू अंड्यातील कोवळ्या गर्भात सोडला. विषाणू पेशींत शिरला, पण गाठ झाली नाही. तोच विषाणू अंड्यातून बाहेर आलेल्या पिलात गाठ करीत असे, आणि पुढील अभ्यासांत असेही दिसले की शरीरावर जखम असेल तेथे तो विशेष जोर धरतो. निरोगी शेजार वाईट पेशीला आवरून धरतो. दुखावलेला शेजार तिला मोकळे रान देतो.

१९८६ साली बोस्टनचे डॉ. हॅरोल्ड ड्वोराक यांनी हा सारा विचार एका वाक्यात आणला. कर्करोगाची गाठ म्हणजे कधीच न भरणारी जखम, असे त्यांचे म्हणणे होते. बोट कापले की तेथे नव्या वाहिन्या येतात, तंतू विणले जातात, सूज येते आणि काही दिवसांत काम संपवून सारे कारागीर परत जातात. गाठीत हे कारागीर परत जातच नाहीत.

मग प्रश्न उरतो तो मातीचा. एखादी माती आधीच बिघडवून ठेवली, शेजार आधीच दुखावून ठेवला, तर? याचे उत्तर शोधायला बोस्टनला जावे लागत नाही. त्याचे उदाहरण मुंबईत, भारतीयांच्या तोंडात, फार पूर्वी सापडले आहे.

तोंडातील माती

१९५२ साली नैरोबीत राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांच्या तोंडात एक विचित्र ताठरपणा आढळल्याची नोंद झाली. गालांची आतील त्वचा पांढरट आणि कडक झाली होती. भारतीय माणूस जेथे गेला तेथे त्याची सुपारीही गेली, हे लक्षात घेतले म्हणजे आफ्रिकेतील ही नोंद नवलाची वाटत नाही. पुढच्याच वर्षी भारतात डॉ. एस. जी. जोशी यांनी असेच रुग्ण वर्णिले. तोंडाच्या त्वचेखाली तंतू माजतात, म्हणून त्या विकाराला ‘सबम्यूकस फायब्रोसिस’ असे नाव पडले.

मुंबईत याचा पाठपुरावा करणाऱ्यांत डॉ. वसंत रामजी खानोलकर होते. भारतातील विकृतिशास्त्राचे ते अध्वर्यू. टाटा रुग्णालयात त्यांनी प्रयोगशाळा उभारली आणि १९५२ साली स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक झाले. माणसाच्या चालीरीती आणि त्याचा कर्करोग यांचा संबंध शोधणे हा त्यांच्या अभ्यासाचा गाभा होता. कमरेला वर्षानुवर्षे घट्ट आवळलेल्या धोतराच्या काठाखाली होणाऱ्या कर्करोगाचीही नोंद त्यांनी १९४५ साली केली होती. त्यांच्याच केंद्रात डॉ. सत्यवती शिरसाट यांनी या तंतुविकाराचा सूक्ष्म अभ्यास केला. १९६६ साली शिरसाट आणि डेन्मार्कचे डॉ. पिंडबोर्ग यांनी मिळून या विकाराचे जे वर्णन केले, त्याचा आधार दंतवैद्यकाच्या पुस्तकांत आजही घेतला जातो.

हा विकार होतो कसा, हे आता बऱ्याच अंशी उलगडले आहे. सुपारीतील अरेकोलीन हे द्रव्य तंतू विणणाऱ्या पेशींना सतत चेतवते. सुपारीत तांब्याचे प्रमाण मोठे असते. ते तंतूंना एकमेकांशी घट्ट सांधणाऱ्या एका विकराला बळ देते. सुपारीचा तुरटपणा ज्या टॅनिनमुळे येतो, ते टॅनिन या तंतूंना मोडू देत नाही. चामडे कमावताना कातड्यावर होते तसलीच ही क्रिया. एकीकडे विणणे वाढते, दुसरीकडे उसवणे थांबते. त्यात चावताना होणाऱ्या बारीक जखमा आणि रोजची सूज यांची भर पडते. विकार मुरला की तंतूंच्या या दाटीत बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात. वरच्या त्वचेला रक्त कमी पडते, ती पातळ होते आणि प्राणवायूची टंचाई तिची सोबतीण बनते. माती दगडासारखी झाली, पाणी आटले आणि अशा भोवतालात वरच्या पेशींवर सुपारीतील द्रव्यांचे घाव पडतच राहिले. बी आणि माती दोन्ही एकाच वस्तूने बिघडवली.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधन विभागाने केरळातील एर्नाकुलम येथे या विकाराच्या ६६ रुग्णांवर सतरा वर्षे लक्ष ठेवले. त्यांतील पाच जणांना तोंडाचा कर्करोग झाला. प्रमाण ७.६ टक्के. हा आकडा १९८५ साली प्रसिद्ध झाला. याचा अर्थ असाही आहे की बहुतेकांना कर्करोग झाला नाही. पण तेरा माणसांत एक, हा धोका कोणता व्यापारी डोळे मिटून पत्करील?

येथे घरातील वडीलधाऱ्यांच्या एका समजुतीविषयी न्यायाने बोलायला हवे. ‘नुसत्या सुपारीने काही होत नाही’ हे म्हणणे एके काळी अगदीच निराधार नव्हते. १९८५ साली कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेलाही तंबाखूविरहित विड्याविरुद्धचा पुरावा अपुरा वाटला होता. २००३ साली त्याच संस्थेच्या तज्ज्ञसमितीने नवा पुरावा तपासला आणि निष्कर्ष बदलला: तंबाखू नसलेला विडाही तोंडाचा कर्करोग घडवतो आणि सुपारी हे स्वतःच माणसाला कर्करोग करणारे द्रव्य आहे. विज्ञानाने आपले मत सुधारले. घराने सुधारायला हरकत नसावी.

परळचा धिमा ताल

तारापूरचे अणुविद्युत केंद्र १९६९ साली सुरू झाले. ते ज्या अणुऊर्जा खात्याच्या छत्राखाली आहे, त्याच खात्याच्या छत्राखाली १९६२पासून परळचे टाटा रुग्णालयही आहे. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालेल्या या रुग्णालयात तोंड, जीभ आणि घसा यांच्या कर्करोगाचे रुग्ण मोठ्या संख्येने येतात. रोग परत उलटलेला, शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेला, अशा अवस्थेतही अनेक जण येतात. त्यांच्यासाठी परदेशी महागडी औषधे बहुतेकांच्या आवाक्याबाहेर असतात. या अडचणीतून तेथील डॉक्टरांनी एक वाट पाडली आणि तिचा आधार रक्तवाहिन्यांचेच शास्त्र होते.

रूढ पद्धतीत औषधाची मोठी मात्रा शिरेतून देतात आणि मग शरीर सावरावे म्हणून तीन आठवडे थांबतात. त्या विश्रांतीत रुग्ण सावरतो तसा गाठीचा रक्तपुरवठाही सावरतो. वाहिन्यांची डागडुजी होते. फोकमन यांच्याच प्रयोगशाळेतील प्राण्यांवरील अभ्यासांतून २०००च्या सुमारास पर्याय पुढे आला. मात्रा अगदी लहान ठेवायची, पण ती न थांबता द्यायची. तबल्याचा ठेका चालू राहावा तसे औषध चालू राहते आणि नव्या वाहिन्यांना डोके वर काढायला उसंत मिळत नाही. संगीतकाराच्या तालयंत्रावरून या पद्धतीला ‘मेट्रोनॉमिक’ म्हणतात.

टाटा रुग्णालयात २०१६ ते २०२० या काळात डोके-मान भागाच्या, उलटलेल्या वा पसरलेल्या कर्करोगाच्या ४२२ रुग्णांवर याची कसोटी झाली. एका गटाला दर तीन आठवड्यांनी शिरेतून सिस्प्लॅटिन मिळाले. दुसऱ्याला तोंडावाटे घ्यायच्या साध्या गोळ्या मिळाल्या: आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट आणि रोज सेलेकॉक्सिब. दोन्ही जुनी आणि स्वस्त औषधे. गोळ्यांच्या गटाचे मध्यमान आयुष्य ७.५ महिने, तर शिरेतून औषध घेणाऱ्यांचे ६.१ महिने भरले. गंभीर दुष्परिणाम गोळ्यांच्या गटात १९ टक्के, शिरेतून औषध घेणाऱ्यांत ३० टक्के. गोळ्यांनी रोग बरा झाला, असा याचा अर्थ नाही. पण जो काळ हाती होता तो किंचित वाढला, कमी त्रासाचा झाला आणि त्याचा मोठा भाग रुग्णालयाच्या खाटेऐवजी घरी घालवता आला. लोकलने शंभर किलोमीटर येणाऱ्या रुग्णाला या फरकाची किंमत सांगावी लागत नाही.

याच वाटेवरचे पुढचे पाऊल २०२२ साली प्रसिद्ध झाले. अशाच मेट्रोनॉमिक गोळ्यांच्या जोडीला प्रतिकारशक्ती जागवणारे निव्होलुमॅब हे औषध रूढ मात्रेच्या दहाव्या भागाहूनही कमी मात्रेत दिले गेले. एक वर्षानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. अर्थात ही औषधे कोणत्या रुग्णाला, केव्हा आणि किती द्यावीत हे कर्करोगतज्ज्ञानेच ठरवायचे असते. मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्याऐवजी रोज घेतली गेली तर जिवावर बेतू शकते. म्हणून एकाची चिठ्ठी पाहून दुसऱ्यासाठी औषध आणणे हे भलतेच साहस होय.

आणि तरीही, परळच्या या साऱ्या यशाचा हिशेब महिन्यांत मोजावा लागतो. गाठ मोठी झाल्यावर, तिची नळजोडणी पक्की झाल्यावर, भोवताल सुधारणे किती कठीण असते ते या आकड्यांतच दिसते. माती दगड होण्याआधी तिची काळजी घेणे त्याहून पुष्कळ सोपे आणि जवळजवळ बिनखर्चाचे आहे.

तीन बोटे आणि एक नियम

तारापूर परिसरात कर्करोगाचा विषय निघाला की बोट लगेच चिमण्यांकडे किंवा अणुभट्टीकडे वळते. हवा आणि पाणी यांचा प्रश्न खरा आहे आणि त्याचा जाब शासनाला व उद्योगांना विचारलाच पाहिजे. परंतु त्या चर्चेच्या आडोशाला हातातील डबा विसरला जाऊ नये. हवेचा ताबा एकट्याकडे नाही. तोंडातील मातीचा आहे.

पहिली गोष्ट तपासणीची. उजेडात आरशासमोर उभे राहून तोंड पूर्ण उघडावे. स्वतःची तीन बोटे उभी एकावर एक धरून समोरच्या दातांमध्ये सहज जायला हवीत. ती जात नसतील, पूर्वी सोसणारे तिखट आता झोंबत असेल, गालाची आतील बाजू पांढरट वा दोरीसारखी लागत असेल, जीभ पूर्ण बाहेर येत नसेल किंवा शीळ घालताना गाल ताठ वाटत असतील, तर दंतवैद्याकडे जाण्यास उशीर करू नये. दोन आठवड्यांत न भरलेला व्रण, पांढरा वा लाल चट्टा आणि मानेतील गाठ यांनाही हाच नियम. केरळातील एका मोठ्या अभ्यासात तंबाखू वा मद्य घेणाऱ्यांची केवळ नजरेने ठरावीक काळाने तोंडतपासणी केल्यावर त्यांच्यातील तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले. यंत्र लागले नाही; उजेड आणि जाणती नजर पुरली. एखाद्या संघाने पर्युषणानंतर उपाश्रयात दंतवैद्यांना बोलावून अशी तपासणी ठेवली, तर त्याहून स्वस्त वैयावच्च शोधून सापडणार नाही.

दुसरी गोष्ट त्यागाची. तंतूंचा ताठरपणा एकदा मुरला की तो पुरता जात नाही. सुपारी सोडल्याने मात्र त्याला मिळणारे खतपाणी तुटते, आणि उपचारातील पहिली अट तीच असते. सुपारी सोडणे वाटते तितके सोपे नाही, कारण अरेकोलीन मेंदूलाही सवय लावते. येथे जैन घराला एक जुने बळ उपलब्ध आहे. शास्त्रकारांनी आहाराचे अशन, पान, खादिम आणि स्वादिम असे चार भेद केले आणि सुपारी, लवंग, वेलदोडा ही स्वादिमात धरली. सुपारी हीही आहारच आहे आणि तिचाही त्याग करता येतो, हे त्या वर्गीकरणातच आले. चौविहार पाळणारी व्यक्ती सूर्यास्तानंतर सुपारीला हात लावत नाही. म्हणजे रोज बारा तास तिला सुपारीवाचून राहता येते, हे तिने आधीच सिद्ध केले आहे. उरलेल्या बारा तासांचे पच्चक्खाण चातुर्मासापुरते घेतले तरी चार महिन्यांत सवय ढिली पडते. सप्तव्यसनांच्या यादीत नाव नसल्यामुळे ही वस्तू घरात निर्धास्त वावरत राहिली, एवढाच तिचा निर्दोषपणा.

मुलांबाबत विशेष जागरूक राहावे. रंगीत पुडीतील गोड सुपारी मुलाच्या हातात प्रथम येते ती बहुधा लग्नाच्या मांडवात किंवा घरातल्याच कोणाकडून. कोवळ्या तोंडात रोज पडणारी ही पुडी पुढील तीस वर्षांची माती तयार करीत असते.

तिसरी गोष्ट गल्ल्याची. महाराष्ट्रात गुटखा आणि पानमसाला यांवर २०१२ साली बंदी आली. साधी सुपारी विकणे हा गुन्हा नाही, आणि केळवे-माहीमच्या वाड्यांतून नारळाबरोबर उभी असलेली पोफळ अनेकांचे पोट भरते. पूजेच्या ताम्हणातील सुपारीलाही कोणी हात लावायला सांगत नाही. परंतु श्रावकाने टाळायच्या पंधरा कर्मादानांत विषवाणिज्याचा उल्लेख आहे आणि कोणती वस्तू विष ठरते, हे ज्ञान वाढेल तसे नव्याने तपासावे लागते. किराणा मालाच्या दुकानात मुलांच्या उंचीवर टांगलेली गोड सुपारीची माळ खाली उतरवली, तर महिन्याच्या गल्ल्यात जो फरक पडेल तो सोसवण्याजोगा असतो. हा निर्णय केवळ कायद्यावर सोडून चालणार नाही. ज्याच्या हातात तराजू आहे त्यानेच तो करायचा आहे.

पाहुण्यापुढे काहीतरी सरकवण्याची रीत मात्र चांगली आहे. ती मोडण्याचे कारण नाही. बडीशेप, धणाडाळ, ओवा, वेलदोडा यांनीही मुखशुद्धी होते आणि आतिथ्यही. डबा गल्ल्यावर तसाच राहू द्यावा. त्यातील वस्तू तेवढी बदलावी.